स्वभावाचा रकाना : काल्पनिक खेळांतले ‘वंश’ आणि आपण

(नंदुरबार येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता व्हिडिओ गेमवर बोलणार? तर हो, बोलणार. कादंबरीची, नाटकाची, सिनेमाची समीक्षा आपण करतो. सिनेमा तीन तासांत संपतो. हे खेळ मुलं शंभर-शंभर तास खेळतात. ज्या कल्पित जगात माणूस इतका वेळ राहून येतो, त्या जगाचे नियम काय आहेत हे विचारायला नको का? मी काही खेळाडू नव्हे. नातवाच्या शेजारी बसून पाहिलं, जमेल तिथे बटणं दाबली, अडलं तिथे त्याला विचारलं. तेवढ्या भांडवलावर बोलतो आहे.

मी ज्या खेळांविषयी बोलणार त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण एक भूमिका घ्यायची आणि त्या भूमिकेतून एका अद्भुत जगात वावरायचं. त्या जगात चेटूक असतं, ड्रॅगन असतात, तलवारी असतात. पण खेळ सुरू होण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. नाव लिहा, पुरुष की स्त्री ते सांगा, चेहरा निवडा, डोळ्यांचा रंग निवडा. आणि त्याच फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘रेस’. मनुष्य, एल्फ, बुटके, ऑर्क, मांजरमुखी लोक, सरडेमुखी लोक. यातलं एक निवडा.

आता मराठीत या ‘रेस’चं काय करायचं? शर्यत तर नव्हे. (हशा) कोशात ‘वंश’ असा शब्द सापडेल. पण आपल्याकडच्या मुलाला कुणी विचारलं, तुझ्या खेळातल्या माणसाची रेस कोणती, तर त्याचं भाषांतर तो बहुधा ‘जात’ असं करील. ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही. कारण त्या रकान्यात जे भरलं जातं त्याचा अर्थ असा : तू कुणाच्या पोटी जन्मलास ते सांग, म्हणजे तुला काय जमेल ते आम्ही सांगतो. हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

या खेळांत विविधता आहे का, यावर जगभर बरीच चर्चा चालते. ती चर्चा मुख्यतः चेहऱ्यांची मोजदाद करते. काळे किती, आशियाई किती, स्त्रिया किती. ही मोजदाद आवश्यक आहे. ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा पोलंडमधला खेळ घ्या. वंशद्वेष हा त्याचा एक मोठा विषय, आणि तरी त्यातली माणसं जवळजवळ सगळी गोरी. हे लोकांनी दाखवून दिलं ते बरंच झालं. पण माझं म्हणणं असं आहे की चेहरे मोजून झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. तो प्रश्न असा : या जगात निवड कुणाला आहे, आणि ‘स्वभाव’ कुणाला चिकटवला आहे? खेळाडूला निवड असते. चांगलं वागावं की वाईट, कुणाची बाजू घ्यावी, सगळं त्याच्या हातात. समोरच्या ऑर्कला मात्र स्वभाव असतो. तो जन्मतः क्रूर, म्हणून त्याला मारताना विचार करायचं कारण नाही. एकाला स्वातंत्र्य आणि दुसऱ्याला स्वभाव, अशी वाटणी ज्या जगात आहे तिथे चेहरे कितीही रंगीबेरंगी असोत, मी त्याला विविधता म्हणणार नाही.

हे सगळं आलं कुठून? अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. संगणकाविना, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. आजच्या जवळजवळ सगळ्या भूमिका-खेळांचं मूळ त्यात आहे. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकात अर्ध-ऑर्क म्हणून एक वंश आहे. त्याला ताकदीत एक गुण जास्त, चिवटपणात एक गुण जास्त, आणि व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावात दोन गुण कमी. पुढे २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्कला बुद्धीत थेट उणे दोन दिले होते. बुद्धीत उणे दोन! जन्मतः! २०२० साली टीका वाढली तेव्हा कंपनीने ते उणे काढून टाकलं.

कुणी म्हणेल, ऑर्क कल्पित आहे, तो कुणाचा अपमान? बरोबर आहे. ऑर्क म्हणजे अमुक एक मानवसमूह, असं मीही म्हणत नाही. पण आकृतिबंध बघा. जन्मावरून गट, गटावरून स्वभाव, स्वभावावरून आकडा. हा आकृतिबंध कल्पित नाही, तो पृथ्वीवर राबवला गेलेला आहे. आणि तो नीट समजून घ्यायचा असेल तर एक खेळ जवळून पाहावा लागेल.

तो खेळ म्हणजे ‘स्कायरिम’. २०११ सालचा, बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा, अतिशय लोकप्रिय. स्कायरिम हा बर्फाळ प्रदेश, तिथले रहिवासी मुख्यतः नॉर्ड. त्यात खजीट नावाचे मांजरमुखी लोक आहेत. हे व्यापारी, तांडे करून गावोगाव फिरतात. पण त्यांना शहरात घेत नाहीत. वेशीबाहेर, तटाच्या भिंतीलगत ते पालं ठोकून बसतात. का? तर हे लोक चोर आहेत, नशेचा माल आणतात, असा नॉर्ड लोकांचा समज. खेळात तुम्ही त्या पालांपाशी गेलात की खजीट आपली कैफियत सांगतात. लेखकांची सहानुभूती त्यांच्याकडे आहे हे स्पष्ट दिसतं. मी ते पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी वेशीबाहेरच्या माणसाचं ऐकतंय.

मग मी नातवाला म्हटलं, खजीट घेऊन खेळ नव्याने सुरू कर, बघू. आकड्यांचा तक्ता आला. या खेळात प्रत्येक कौशल्य साधारण १५ पासून सुरू होतं. नॉर्ड माणसाचं खिसा कापणं १५, कुलूप उघडणं १५, चोरपावलांनी चालणं १५. खजीटचं खिसा कापणं २०, कुलूप उघडणं २०, चोरपावलांनी चालणं २५. म्हणजे गोष्ट सांगते की लोक या बिचाऱ्यांवर उगाच संशय घेतात, आणि तक्ता सांगतो की संशय खराच आहे! गोष्टीत जो पूर्वग्रह आहे तोच नियमांत निसर्ग झाला आहे. संवाद लेखकाने लिहिला, आकडे दुसऱ्याच कुणी लिहिले असतील, दोघांची गाठ पडली नसेल. पण खेळात शेवटचा शब्द आकड्यांचा असतो. खेळाडू संवाद विसरतो. आकड्यांवर मात्र तो रोज जगतो.

मित्रहो, आपण इथे बसून हे ऐकतो तेव्हा आपल्याला दुसरा एक तक्ता आठवायला हवा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग १९११ च्या सुधारित कायद्याने आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत तो आला. त्यात जमातींची यादी होती. त्या जमातीत जन्मलेलं मूल जन्मतः संशयित. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला, तेव्हापासून त्या लोकांना आपण विमुक्त म्हणतो. कायदा गेला, पण पारध्याचं पाल गावाजवळ पडलं की पोलीस पाटलाला अजून निरोप जातो. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचं नावच ‘उचल्या’ आहे. जमातीचं नाव आणि चोरीचा शिक्का एकच! खिसा कापणं २०, कुलूप उघडणं २०. हा तक्ता आपल्याकडे सरकारी दप्तरात होता.

आणि आपल्या खानदेशाचं काय? १८१८ नंतर इंग्रज इथे आले, तेव्हा त्यांच्या कागदोपत्री सातपुड्यातला भिल्ल म्हणजे लुटारू. स्वभावतःच लुटारू, असा सूर. पुढे १८२५ मध्ये औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली, आणि तेच लुटारू रस्त्यांची, खजिन्याची राखण करू लागले. सात वर्षांत रक्त बदललं का? स्वभाव बदलला का? काहीच बदललं नव्हतं. जंगल कुणाच्या ताब्यात, हक्क कुणाचे, भाकरी कुठून, एवढंच बदललं होतं. इंग्रजांनी हे उपकार म्हणून केलं नाही, राज्य चालवण्यासाठी केलं. पण त्यांच्याच हातून त्यांचा सिद्धान्त खोटा पडला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

स्वभावाचा आकडा काढण्याचा उद्योग विद्वानांनीही केला. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. पुढे नाझी वंशविचाराला ज्यांनी शास्त्राचा मुलामा दिला, त्यांतले हे एक. बाईंना काम दिलं कवट्या मोजण्याचं. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी विशिष्ट तऱ्हेने विषम असते आणि त्यातून त्याची श्रेष्ठ बुद्धी सिद्ध होते, असा तर्क होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष दिला की वंशाचा आणि त्या विषमतेचा असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध एका मराठी विद्यार्थिनीने हे लिहून दिलं. पुढे त्यांनी स्वतः महाराष्ट्रात माणसांची मोजमापं घेतली, त्या पद्धतीवर आज आक्षेप घेता येतील. पण बर्लिनमधला तो प्रबंध मला फार मोलाचा वाटतो. आकडे बघून ‘संबंध नाही’ असं म्हणता येणं, याला शास्त्र म्हणतात.

आता सुधारणांकडे येऊ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की ‘रेस’ हा शब्द आम्ही सोडतो, त्याऐवजी ‘स्पीशीज’ म्हणू. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तसं झालं. स्पीशीज म्हणजे प्रजाती. हेतू चांगला आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला अडखळायला होतं. ‘वंश’ ही माणसांनी केलेली, वादग्रस्त गोष्ट आहे, असं निदान म्हणता तरी येत होतं. ‘प्रजाती’ म्हटलं की तो निसर्गच झाला. शब्द बदलून टोचणी गेली, आणि विचार उलट अधिक घट्ट झाला, असं होऊ शकतं.

दुसरी सुधारणा जास्त महत्त्वाची आहे. गुणांची वाढ आता जन्मावरून मिळत नाही, पूर्वायुष्यावरून मिळते. तुम्ही आधी काय करत होता? शेतकरी, विद्वान, सरदार, शिपाई, असे पर्याय. हे ऐकायला किती न्याय्य वाटतं! मग मी शेतकऱ्याचा तक्ता पाहिला. शेतकऱ्याला वाढ कशात घेता येते? ताकदीत, चिवटपणात, शहाणपणात. बुद्धीचा रकाना त्याच्या वाट्याला नाही. तो विद्वानाकडे आहे आणि सरदाराकडे आहे. (हशा) हसताय, पण शेतकऱ्याची पोरं आहात तुम्ही, विचार करा. कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, बँकेचं व्याज, हे सगळं एका डोक्यात ठेवून जो जगतो, त्याला बुद्धीची वाढ नाही!

हा वाद आपल्याकडे होऊन गेला आहे. आर्य समाजाच्या मंडळींचं म्हणणं होतं की चातुर्वर्ण्य जन्मावर नको, गुणकर्मावर असावं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यावर जो प्रश्न विचारला त्याचा आशय असा : गुणावरूनच ठरवायचं असेल तर जुनी नावं कशाला ठेवता? माणसं इतक्या तऱ्हांची असताना ती चारच कप्प्यांत कशी बसतील? कप्पा ठेवला की जुना अर्थ त्यात परत झिरपतो. खेळ रचणाऱ्यांनी हे पुस्तक वाचलं असेल असं नाही. पण जन्माचा रकाना पुसून व्यवसायाचा रकाना आणला, तर त्याच अडचणी कशा परत येतात, हे त्यात ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी मांडून ठेवलं आहे.

मग कुणी हे बरं केलंच नाही का? केलं आहे. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीचा २००९ चा खेळ. त्यातल्या बुटक्यांच्या नगरीत चक्क जाती आहेत, शब्दही ‘कास्ट’ असाच वापरला आहे. आणि सगळ्यांत खाली जातहीन. त्यांच्या चेहऱ्यावर गोंदलेली खूण असते, म्हणजे लांबूनच ओळखू यावं. राहायला वेगळी, धुळीची वस्ती. तुम्ही हा जातहीन माणूस म्हणून खेळ सुरू करू शकता. नगरात योद्ध्यांची स्पर्धा असते, तिच्यात उतरायचा हक्क जातहीनांना नाही. प्रसंग असा येतो की तुम्ही दुसऱ्याचं चिलखत घालून उतरता आणि जिंकता. तोंडावरचं लोखंड निघतं, खूण दिसते, आणि जिंकणं हाच गुन्हा ठरून तुम्ही तुरुंगात जाता.

मी आकडे पाहिले. बुटका म्हणून जे आकडे सरदाराच्या मुलाला, तेच जातहीनाला. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणजे खेळ म्हणतो : फरक रक्तात नाही, तो नगराच्या कायद्यात आहे. इथे गोष्ट आणि तक्ता एकमेकांना खोटं पाडत नाहीत. बुटके आणि मनुष्य यांच्यात आकड्यांचा फरक याही खेळात आहे, तो दोष राहतोच. पण जातीपुरतं त्याने जे केलं ते ‘स्कायरिम’ला साधलं नाही.

आता घरी येऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ काढला. हा काटेकोर अर्थाने भूमिका-खेळ नाही, साहसखेळ आहे, पण जग तेच अद्भुताचं. पहाडी चित्रशैलीचा रंग, राजस्थानी महाल, कथा सांगायला छायाबाहुल्या. डोळ्यांचं पारणं फेडतो. नायिका राजी ही कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू पाठीशी. ती खांबावर चढते, भिंतीवरून धावते, आणि ती चपळाई खेळातलं मुख्य बळ आहे. आपल्याकडे रस्त्यावर कसरत करणारी मुलगी म्हटलं की डोंबारी, कोल्हाटी, म्हणजे भटक्या-विमुक्तांचं घर डोळ्यांपुढे येतं. खेळ तिची जात सांगत नाही, तसा दावाही करत नाही. पण पोटासाठी शिकलेली कला शस्त्र होते, आणि ती मुलगी महाकाव्याची नायिका होते, याचं मला मनापासून कौतुक आहे. पाश्चात्त्यांच्या एल्फ-ऑर्कांच्या गर्दीत पुण्याच्या मुलामुलींनी हे उभं केलं.

पण असुर? ते पूर्वी देवांकडून हरले आणि सूड घ्यायला परत आले. झुंडीने येतात, झुंडीने मरतात. त्यांच्यातल्या एकालाही ‘मला हे नको’ असं म्हणायची सोय नाही. म्हणजे ऑर्कची जागा असुराने घेतली, वाटणी तीच राहिली. हे मला जास्त खटकतं, कारण आपल्या परंपरेला याहून चांगलं माहीत आहे. प्रल्हाद असुराचा मुलगा. बळी त्याचा नातू. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी ओवाळताना काय म्हणतात? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. असुराचं राज्य परत यावं म्हणून जिथे घरोघर प्रार्थना होते, तिथल्या खेळात असुराला एक वाक्य मिळू नये? महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त हीच वाटणी उलटी करून वाचली आणि बळीला आपला राजा म्हटलं. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाचं दहन जळणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं. ही मराठी समीक्षेची मिळकत आहे. खेळ करणाऱ्यांना ती फुकट उपलब्ध आहे.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. सर, खेळात शत्रू लागतो, फरक लागतो. सगळे सारखे केले तर गंमत कसली? मान्य. मी फरकाच्या विरुद्ध नाही. या जिल्ह्यात शंभरातले जवळजवळ सत्तर लोक आदिवासी. भिल्ल आहेत, पावरा आहेत, कोकणा आहेत, मावची आहेत. भाषा वेगळ्या, होळीची रीत वेगळी, देव वेगळे. हा फरक म्हणजे आपली श्रीमंती. पण तो माणसांनी घडवलेला, शिकलेला, एकमेकांकडून घेतलेला फरक आहे. तो बदलतो, आणि एकाच घरात दोन भावांत वेगळा निघतो. खेळाने असा फरक जरूर दाखवावा. तो जन्मासोबत आकडा म्हणून चिकटवू नये, इतकंच.

शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी. तुमच्यापैकी काही जण संगणक शिकायला पुण्याला, नाशिकला जाल. कुणीतरी कधीतरी सातपुड्यावर खेळ करील. याहामोगी मातेची, राणी काजलची, राजा पांठाची गोष्ट त्यात येईल. यावी. पण तेव्हा एक मोह होईल. भिल्लाच्या रकान्यात ‘धनुर्विद्या अधिक दहा’ असं लिहावंसं वाटेल. ते कौतुकच वाटेल. ते लिहू नका. कौतुकाचा आकडा आणि संशयाचा आकडा एकाच तक्त्यात बसतात. आज धनुर्विद्या अधिक दहा लिहिणारा हात उद्या बुद्धी उणे दोन लिहू शकतो.

एकलव्याची गोष्ट नीट आठवा. त्याला धनुष्य रक्तातून आलं नव्हतं. रक्तातून आलं असतं तर मातीचा पुतळा करून रानात रात्रंदिवस सराव करायची त्याला काय गरज होती? द्रोणाचार्यांनी त्याच्या जन्माचा रकाना वाचला आणि नाही म्हटलं. त्याने तो रकाना मानला नाही, अभ्यास केला. अंगठा मागावा लागला तो त्याच्या अभ्यासाच्या भीतीने. खेळ रचाल तेव्हा त्याचा सराव दाखवा, आणि ‘नाही’ म्हणायचा पर्यायही त्याला द्या. अंगठा मागितल्यावर पडद्यावर दोन बटणं असू देत. खेळणारं पोर कोणतं दाबतं ते आपण बघू.